मधल्या माणसाचा पेला

खांबेटेकाका फोनवर बोलताना वाकायचे. टोकियोचा फोन असला की कमरेतून वाकायचे. लॉस एंजेलिसचा असला की पाय पसरून, छाती पुढे काढून बोलायचे. आणि गुहागरहून पुतण्याचा आला की खुर्चीवरच उकिडवे बसायचे. "अहो काका, पलीकडच्याला दिसतंय का ते?" असं मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "दिसत नाही गो. पण वाकलेला आवाज ओळखू येतो."

मी तेव्हा दोह्यातल्या एका लहानशा कंपनीत होते. बाहेरदेशांहून शूटिंगला येणाऱ्यांना परवाने, गाड्या, बोटी, जेवणखाण सगळं जमवून द्यायचं, हे आमचं काम. नवरा रास लफानला गॅसच्या प्लांटवर शिफ्टमध्ये, घर अल रय्यानला, मुलगी इरा इंग्लिश शाळेत, आणि वर्ल्ड कप तोंडावर आलेला. जगातला प्रत्येक कॅमेरा कतारकडे वळला होता आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागण्या माझ्या टेबलावर येऊन पडायच्या. कुणाला उंट हवा, कुणाला बहिरी ससाणा हवा, कुणाला वाळूत बर्फ हवा. प्रोड्यूसर हा शब्द ऐकला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

त्यामुळे "अमेरिका आणि जपान दोन्हीकडे चित्रपट काढलेले मोठे प्रोड्यूसर येतायत, तुमच्यातलेच आहेत, मराठी," असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं कल्याण. आता गॉगलवाला मराठी माणूस सोसायचा. आला तो सत्तरीपुढचा, किडकिडीत, चेक्सच्या बुशशर्टातला गृहस्थ. एक सुटकेस. ऑफिसच्या दारात त्यांनी बूट काढले, जुळवून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवले आणि मोज्यांवर आत आले. माझ्या टेबलाशी थांबून माझ्या नावाची पाटी वाचली. "सुलभा वैद्य. नाशिकच्या का?" म्हटलं, हो. "मग चहा गोड करत असणार," म्हणाले, आणि त्या दिवसापासून ऑफिसात ते माझे 'सर' आणि गाडीत बसल्यावर 'काका' झाले. मी आधी 'सुलभाताई' होते. आठवड्याच्या आत 'गो' झाले.

त्यांची जन्मकथा मला सलग कधीच कळली नाही. कळली ती तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक ट्रॅफिकमध्ये. गुहागरहून मुंबई, मुंबईहून एका कारखान्याच्या ट्रेनिंगसाठी योकोहामा. तिथे काचेची भिंगं घासायला शिकत असताना जपानी बोलायला लागले. मग कधीतरी एक अमेरिकन कंपनी तिकडे शूटिंगला आली, त्यांचा दुभाषा आजारी पडला, आणि हा कोकणातला पोरगा दोघांच्या मध्ये उभा राहिला. "उभा राहिलो तो राहिलोच," काका म्हणायचे. "नंतर खुर्ची मिळाली, एवढंच." जपान्यांची कार्टूनं आणि राक्षस अमेरिकेला न्यायचे, अमेरिकेतली मंडळी आणि त्यांचे डॉलर जपानला आणायचे, अशी त्यांची सगळी हयात गेली. चित्रपटाच्या शेवटी नावं येतात ना, त्यात त्यांचं नाव यायचं तोवर थिएटरातले दिवे लागलेले असायचे.

त्या राक्षसाची गोष्ट त्यांनी आमच्या घरी जेवताना सांगितली. इराला मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिनं डोळे मोठे करून विचारलं, "यू मेड मॉन्स्टर्स?" काका म्हणाले, "केला नाही बाळ. नेला." एका जपानी चित्रपटात समुद्रातून एक प्रचंड प्राणी वर येतो आणि ओरडतो. अमेरिकन म्हणाले, हा काय ओरडतोय, हा तर रडतोय, पोरं घाबरणार कशी? जपानी म्हणाले, बरोबर आहे, तो रडतोयच, त्याचं घर बुडालंय. दोन्ही बाजू हटून बसल्या. मग काकांनी काय केलं? स्टुडिओत दुसरं ओरडणं भरून घेतलं. जपानमध्ये तो राक्षस रडत राहिला आणि अमेरिकेत डरकाळ्या फोडायला लागला. दोघेही खूश.

मग त्यांनी ते दोन्ही आवाज करून दाखवले. आधी अमेरिकन. शेजारच्या मल्याळी वहिनींनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मग जपानी. तो आवाज लांबून आला, हळूहळू, आणि संपला तरी खोलीत राहिला. इरा म्हणाली, "आय लाइक द सॅड वन." काका तिच्याकडे बघत राहिले. "मलाही तोच आवडायचा गो," म्हणाले आणि आमटीभाताकडे वळले.

आता ज्या कामासाठी ते आले होते ते सांगते. वर्ल्ड कपला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राकाठच्या एका नव्या सभागृहात दाखवायला म्हणून अर्ध्या तासाचा चित्रपट करायचा होता. विषय मोती. जुन्या काळी इथली माणसं दोरी धरून समुद्राच्या तळाशी जायची, शिंपले काढायची, त्यावर जगायची. मग जपान्यांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली आणि बघता बघता इथला धंदा बसला. एक इथला पाणबुड्या आणि तिकडची एक पाणबुडी बाई, दोघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत, अशी गोष्ट होती. करणार अमेरिकन कंपनी, तिचा माणूस ग्रेग, काकांच्या जुन्या ओळखीचा, पन्नाशीचा, टोपी घालणारा, मनानं वाईट नव्हे पण एका जागी बसेल तर शपथ. दिग्दर्शक जपानी, तोगावा-सान, काकांच्याच वयाचे. आणि मध्ये खांबेटेकाका. "ही माझी शेवटची खेप," ते मला म्हणाले होते. "आणि ही सुखरूप पोचवायची आहे."

पहिली मीटिंग मला जशीच्या तशी आठवते. ग्रेग आमच्या ऑफिसात, तोगावा-सान पडद्यावर, टोकियोहून. काकांनी आदल्या दिवशीच टेबल फिरवून घेतलं होतं आणि स्वतःसाठी बरोब्बर मधली खुर्ची ठेवली होती. मग सुटकेसमधून, पंच्यात गुंडाळलेले, मातीचे बिनकानाचे पेले बाहेर काढले. ग्रेगला चहा ओतला. आमच्या साहेबांना ओतला. आणि एक पेला भरून, दोन्ही हातांनी, पडद्यासमोर ठेवला. ग्रेग खो खो हसला. पडद्यावर तोगावा-सान किंचित वाकले.

पुढची गंमत बघा. ग्रेग हातवारे करत भरभरून बोलला, बोलतच राहिला. काकांनी ते सगळं ऐकून जपानीत एक वाक्य सांगितलं. पलीकडून नुसता एक हुंकार आला. काकांनी त्याचं इंग्लिशमध्ये चांगलं लांबलचक भाषण केलं, आणि ग्रेग मान डोलवत "ग्रेट, ग्रेट" म्हणत राहिला. मी तोंडात पेन धरून हसू दाबत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, पदरची भर घालता की हो!"

"भर नाही गो घालत. गाळतो. चहा गाळतात तसा. दोघांना स्वच्छ चहा जातो. चोथा माझ्याकडे राहतो."

पण त्या मीटिंगमध्ये मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. सगळ्यांचे पेले भरलेले, काकांचा रिकामा. आपल्याकडे असं कुणी बसू देतं का? मी किटली उचलली आणि त्यांच्या पेल्याशी नेली, तर त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला. "तुझा नको गो इथे. तुझा चहा घरचा. तो घरी." मला राग आला, खोटं कशाला बोलू. घरी हाच माणूस कप-कप मागून घ्यायचा आणि इथे सोवळं! मनात म्हटलं, राहा तसेच घसा कोरडा करत.

त्यानंतर एकदा बोटीच्या परवान्यासाठी एका बड्या कतारी साहेबांकडे गेलो. तिथे गहवा आला. इथली ती वेलदोड्याची फिकट कॉफी, बोटभर पेल्यात. रिवाज असा की नको असेल तर पेला हलवून दाखवायचा. नाही हलवला, की ओतणारा माणूस ओतत राहतो. इथे महिनाभर राहिलेल्यालाही हे कळतं. काका मात्र पितायत, पेला पुढे धरतायत. तो ओततोय, हे पितायत. साहेबांचं बोलणं संपलं, सही झाली, इन्शाल्ला झालं, आभाराचं शुक्रान झालं, तरी ह्यांचा पेला पुढेच. मी कोपरानं ढोसलं. "काका, पेला हलवा, नाहीतर तो थांबायचा नाही."

"ठाऊक आहे गो मला," ते हळूच म्हणाले. "ओतू दे."

त्यांच्या तोंडावर असं काही समाधान होतं की मी गप्प बसले. पण तिथून निघाल्यावर मला राहवेना. गाडी अल रुवैसच्या रस्त्याला लागली होती. उत्तरेचं ते मच्छीमारांचं बंदर, तिथे शूटिंगची जागा बघायची होती. हिवाळ्याची सकाळ, दाट धुकं. दोह्यातले टॉवर मागे पायाशिवाय लटकत राहिले होते, क्रेनच्या नुसत्या माना दिसत होत्या. आमचा ड्रायव्हर बालाजी, परभणीकडचा, गाडी अगदी हळू चालवत होता, आणि वाटेत एक स्टेडियम धुक्यातून वर आलं, दिवे लागलेलं, आत चिटपाखरू नाही. काकांनी काच खाली केली. "एवढा मोठा सेट जन्मात नाही बघितला," म्हणाले. "खेळ झाल्यावर उतरवतील का गो?" त्या दिवसांत मलाही तसंच वाटायचं. कालचा रस्ता आज नसायचा, जिथे वाळू होती तिथे फुलझाडं असायची. आपण दुसऱ्याच्या स्वप्नात राहतोय आणि त्याला जाग आली की आपलं काय, असं काहीतरी.

त्या धुक्यातच मी पेल्याचं विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

जपानमध्ये आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला शेजारी भरतो. पेला रिकामा दिसला की कुणीतरी ओततंच. अमेरिकेत जो तो आपापला ओतून घेतो. "आणि मी दोघांच्या मध्ये," काका म्हणाले. "अमेरिकन समजतात, ह्याला हवं असेल तर घेईल. जपानी समजतात, हा अमेरिकेकडचा, हा घेईल. सवय झाली. पण तोगावा ओतायचा. पहिल्यापासून. मी तिकडे नवा होतो, खोलीत गॅसची शेगडी आणि दोन पेले, बस्स. तो नुकताच सहाय्यक दिग्दर्शक लागला होता. माझा पेला त्यानं कधी रिकामा राहू दिला नाही."

मग तोगावांचा पहिला मोठा चित्रपट काकांनी अमेरिकेला नेला. शेवटी एक म्हातारी बंदरावर नुसती बसून राहते, वाट बघत, असा प्रसंग होता. काहीही घडत नाही. अमेरिकन म्हणाले, हे कापा. काका 'नाही' म्हणू शकत होते, तसा करार होता. पण नाही म्हटलं असतं तर चित्रपट तिथे लागलाच नसता. त्यांनी मान्य केलं आणि तोगावांना कळवलं, किरकोळ बदल आहेत. तोगावांनी तो पहिल्यांदा पाहिला तो लॉस एंजेलिसमध्ये, थिएटरात, काकांच्या शेजारी बसून. म्हातारी यायच्या आधीच पडदा बंद झाला.

"भांडला?" मी विचारलं.

"भांडला असता तर मिटलं असतं. जेवायला गेलो. मी त्याला ओतलं. त्यानं वाकून घेतलं. माझा पेला तसाच. सबंध जेवण होईपर्यंत तसाच. त्यानंतर कितीदा भेटलो, कितीदा एकत्र काम केलं. वाकणं तेच, बोलणं तेच. ओतलं मात्र नाही."

पुढे बसलेला बालाजी इतका वेळ मुकाट होता, तो म्हणाला, "काका, मग तुमीच म्हणायचं ना, टाक बाबा चहा म्हणून. त्याच्यात काय एवढं?"

"मागून घ्यायचा नसतो रे," काका म्हणाले आणि काच वर केली.

तर हे असं होतं. बाकीच्यांच्या लेखी तो मोत्यांवरचा चित्रपट होता. काकांच्या लेखी तो त्या एका पेल्याचा प्रश्न होता, आणि तोगावा कामाला हो म्हणाले ते एकाच अटीवर, शेवटाला कुणी हात लावायचा नाही.

आणि शेवटावरूनच सगळं पेटलं, दुसरं काय! तोगावांचा शेवट असा: पाणबुड्या पाण्यातून वर येतो, हात रिकामे, बोटीची कड धरतो आणि श्वास घेतो. नुसता श्वास. खूप वेळ. ग्रेगचा शेवट असा: पाणबुड्या मोती घेऊन वर येतो, मोती उंच धरतो, मोत्याचा होतो फुटबॉल, आणि फुटबॉल जातो थेट स्टेडियमच्या झगमगाटात. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

तोगावा-सान दोह्याला आले. बुटके, पांढऱ्या केसांचे, हातात कापडी टोपी. दोन म्हातारे विमानतळावर एकमेकांसमोर वाकले, पुन्हा वाकले, आणि बाजूबाजूनं चालत गाडीत येऊन बसले. हॉटेलपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. बालाजी मला नंतर म्हणाला, "ताई, ते बाबा बोलंनाच झालेत की. आपले काका लई खाली बघत होते." मी त्या दिवशी देवाला दिवा लावताना तोगावांचंही नाव घेतलं. म्हटलं, ह्या माणसाचा हात एकदा किटलीकडे जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. तेच टेबल, तीच मधली खुर्ची. काकांनी एका बाजूला ओतलं, दुसऱ्या बाजूला ओतलं. स्वतःचा पेला रिकामा समोर ठेवला आणि म्हणाले, बोला.

ग्रेग बोलला, आणि ह्या खेपेला चिडूनच बोलला. "या गृहस्थांना सांगा, एक माणूस श्वास घेतोय हे बघायला कुणी एवढ्या लांब येत नाही. त्यांना झोप आली असेल, पाहुण्यांना झोप आणू नका म्हणावं."

आता गाळतील, असं मला वाटलं. पण काका बोलायला लागले आणि ग्रेगचं बोलणं जेवढं लांब तेवढंच लांब बोलले, तितक्याच ठसक्यात. मला जपानी येत नाही. पण तोगावांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी उत्तर दिलं. काकांनी ते इंग्लिशमध्ये जसंच्या तसं उचलून ठेवलं. "ते म्हणतात, तुम्हाला देवानं डोळे दिले, कान द्यायला विसरला."

"असं म्हणाले ते?" ग्रेग उभाच राहिला.

"शब्दशः."

बाई गं, मग जे सुरू झालं! हा तिकडून, तो इकडून, आणि मध्ये काका, दोघांचे दगड झेलून दोघांना पोचते करतायत, एकही खाली पडू देत नाहीत. आमचे साहेब मला खुणावत होते, थांबव त्यांना. मी कशी थांबवू? आणि मग तोगावांनी खुर्ची फिरवली. ग्रेगकडे पाठ करून सरळ काकांकडे वळले आणि हळू आवाजात, काकांच्या डोळ्यांत बघून, बराच वेळ बोलले.

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. आणि ग्रेगकडे तोंड करून त्याच दुभाष्याच्या आवाजात सांगितलं, "ते म्हणतात, मध्ये बसलेल्या ह्या माणसानं माझ्या चित्रपटाचा शेवट तुमच्या लोकांना देऊन टाकला आणि मला सांगितलं, किरकोळ बदल आहेत. ते म्हणतात, ती म्हातारी माझी आई होती. ते म्हणतात, मी ह्या माणसाला भाऊ समजत होतो."

आई होती हे काकांनाही ठाऊक नव्हतं. ते मला त्यांच्या हातांवरून कळलं. टेबलावर होते ते हात त्यांनी खाली घेतले.

"खरं आहे ते," काका आधी जपानीत आणि मग इंग्लिशमध्ये म्हणाले.

ग्रेग खाली बसला. शेवटी तोही माणूसच. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "बरं, दोन्ही शूट करू. त्यांचा शेवट जपानसाठी, आपला इथल्यासाठी. सगळे खूश." म्हणजे पुन्हा राक्षसाचे दोन आवाज. काकांची जन्मभराची युक्ती, आयती ताटात वाढलेली. मी त्यांच्याकडे बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, काका, नका हो घेऊ.

"नाही," काका म्हणाले. "शेवट एकच. त्यांचा. दोन करायचे असतील तर माझं नाव काढा आणि ह्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवा." हेही त्यांनी तोगावांना जपानीत सांगितलं. शब्द न् शब्द. त्यांची शेवटची खेप होती ती, आणि ती त्यांनी अशी टेबलावर ठेवून दिली.

ग्रेग त्यांच्याकडे बघतच राहिला. "इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून 'नाही' ऐकलं नव्हतं," म्हणाला. मग टोपी घालून उठला. "एक संध्याकाळ देतो. मी तिथे उभा राहून बघेन. कंटाळा आला, तर फुटबॉल. खलास."

तोगावा उठून गेले. काकांचा पेला रिकामाच होता.

ती संध्याकाळ अल रुवैसची. मी ती स्वप्नात पाहिली की खरंच, असं मला अजून वाटतं. वारा पडलेला होता. समुद्र आणि आकाश यांच्यात रेघ नव्हती, सगळं एकाच दुधाळ रंगाचं, आणि जुनी लाकडी बोट त्यात कशावर टेकलीय तेच कळत नव्हतं. बोटीचा म्हातारा मालक सुकाणूपाशी मांडी घालून बसला होता. ओमानचा एक तरुण पोहणारा पाणबुड्या झाला होता. तो दोरी धरून खाली गेला. पाणी मिटलं. कॅमेरा चालू होता. कुणी हलत नव्हतं.

तो वर आला. बोटीची कड धरली. तोंड उघडलं आणि श्वास घेतला. मग दुसरा. मग आणखी. आधी ते नुसतं धापणं होतं. मग हळूहळू ते शांत होत गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझाही श्वास त्याच्याबरोबर चाललाय. बोटीच्या मालकाचा चाललाय. ग्रेगचाही. तो नाठाळ माणूस, ज्याला एक मिनिट चैन पडत नसे, टोपी छातीशी धरून लाकडाच्या पेटीवर बसला होता. मला माझी आई आठवली, आजारपणातली, आणि का ते मला आजही सांगता येणार नाही. 'कट' म्हणायचं तोगावा विसरले की त्यांनी म्हटलंच नाही, कुणास ठाऊक. उजेड संपला तेव्हा कॅमेरावाल्यानं आपणहून बंद केला.

"ओके," ग्रेग अगदी हळू म्हणाला. "फुटबॉल नको."

काकांनी त्याचं भाषांतर केलं नाही. लागलंच नाही.

तो चित्रपट लागला, त्याच शेवटासकट. मी इराला घेऊन गेले होते. बाहेर जगातले सगळे झेंडे आणि ढोल, आत तो श्वास. इरा माझ्या कानात काही सांगायला वळली आणि तशीच माझा हात धरून बसली. शेवटी नावं आली, तशी मी उठणाऱ्या लोकांच्या मधून मान वाकडी करकरून खांबेटे हे नाव वाचलं. काका तेव्हा कतारमध्ये नव्हते. शूटिंग संपल्यावर ते आणि तोगावा ह्याच चित्रपटाच्या पुढच्या कामाला टोकियोला गेले, मी नेमकी इराच्या तापात अडकले, आणि निरोपाला जाणं झालं नाही. म्हणून मला ते शेवटचे दिसले ते त्याच संध्याकाळी, अल रुवैसच्या धक्क्यावर.

बोट परत निघाली होती. मी घरून चहाचा मोठा थर्मास आणला होता, आणि काकांचे ते मातीचे पेले. ग्रेगला दिला, बोटीच्या मालकाला दिला, ओमानी पोराला दिला. तोगावांना देऊन वळले तर त्यांनी माझ्या हातातून थर्मास काढून घेतला. मला वाटलं, त्यांना आणखी हवाय. ते हलत्या बोटीत तोल सावरत पलीकडे गेले. तिथे काका फळीवर एकटे बसले होते, समुद्राकडे तोंड करून, रिकामा पेला शेजारी. तोगावा खाली गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो पेला भरला. काठोकाठ.

काकांनी पेला उचलला, कपाळापर्यंत नेला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला. मला रडू फुटलं. मी डोळे पदरानं पुसायच्या भानगडीतही पडले नाही. मी त्यांना किती चहा पाजला होता, नाशिकचा, गोड, आलं घातलेला, पण तो घरचा. हा वेगळा.

बोट धक्क्याला लागली. बालाजी दिवा घेऊन उभा होता. सगळे उतरले. काका सर्वांत मागे. फळी हलत होती, पायऱ्या शेवाळलेल्या, म्हाताऱ्या माणसानं एका हातानं तरी कठडा धरायचा की नाही? पण ह्यांच्या दोन्ही हातांत तो पेला. चहा केव्हाच गार झाला असणार. एक घोटही घेतलेला नव्हता. मी घाबरून पुढे झाले, हात केला.

"हात नको देऊ गो," खांबेटेकाका म्हणाले. त्यांची नजर पेल्यावरून हलत नव्हती. "सांडेल."